कापसाची बाजू

"तुमचे रेल्वेवाले पळाले," असं म्हणून कुसाबाई खाटेवर मांडी घालून ऐसपैस बसल्या.

समोरच्या बाकावरून पुंजाबाबांनी नुसतं "हूं" केलं. टीव्हीवर अमेरिकेतल्या यादवीची मालिका हिंदीतून चालली होती. दीडशे वर्षांपूर्वीचं भांडण ते, पण इगतपुरीच्या या खोलीत त्यावर नवरा-बायकोची पैज लागली होती. कुसाबाईंच्या माहेरी कापूस पिकायचा, म्हणून कापूसवाली दक्षिण त्यांची. उत्तरेकडे रेल्वे जास्त, म्हणून ती रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या पुंजाबाबांची. कापूसवाले जिंकले तर नाशिकला, इंदिरानगरात लेकाकडे, रविराजकडे, राहायला जायचं. रेल्वेवाले जिंकले तर मरेपर्यंत इथंच, पुन्हा विषय काढायचा नाही.

नातीसाठी, आरोहीसाठी, कुसाबाईंचा जीव तिकडे लागलेला. पुंजाबाबांना गाड्यांच्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. म्हणून त्यांनी शेजारच्या दिनेशला मोबाइलवर निकाल बघायला लावला, आणि मगच पैज घेतली. लबाडी ती लबाडीच.

पहिल्या भागात नुसते नकाशे आणि दाढीवाले सेनापती होते. आज एक जुनं चित्र आलं. ओट्यावर एक बाई उभी, तिच्या कडेवर पोर, आणि खाली बोली लावणारे. कापसाच्या शेतात राबायला माणसं अशी विकत घेत, निवेदक सांगत होता. आई एका मालकाला गेली, तीन वर्षांची मुलगी दुसऱ्याला.

लिलाव म्हटला की कुसाबाईंना कांद्याचाच ठाऊक.

"पोरीला येगळं इकलं?"

"हां."

"कापूसवाल्यांनी?"

"हां."

कुसाबाई मग खाटेवरून उतरल्या आणि बाकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सरका."

"आगं, आन् पैज?"

"गेली पैज. आसल्यांच्या जिवावर नाय जायचं मला नातीकडं."

त्या शेजारी टेकल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने कधी हार मानलेली पुंजाबाबांनी पाहिली नव्हती. बाहेरून मालगाडी गेली, पण आज तिचाही आवाज गोड लागेना.

"कोन जिंकनार ते मला आधीच ठाव हुतं," शेवटी ते म्हणाले. "दिनेशला इचारलं हुतं."

"मला वाटलंच. बिनबघता तुमी कधी पैज लावली?"

पुंजाबाबांनी खिशातला मोबाइल काढून बायकोच्या हातात दिला.

"रविराजला फोन लाव. रईवारी येतो म्हनावं, सामान घिऊन."

कुसाबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तिथं गाडीचा आवाज येतो का रातीचा?" पुंजाबाबांनी विचारलं.

"नाय येत." कुसाबाईंनी नंबर लावता लावता क्षणभर विचार केला. "पन आरोही लय घोरती म्हनं झोपंत. पार मालगाडी."

पुंजाबाबा जरा सावरून बसले.

"डिझेल का इलेक्ट्रिक?"