सांगलीला न्या

सृष्टीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "बाळ आडवं आहे, सिझर लागेल. आमच्याकडे सर्जन नाही, सांगलीला न्या." रस्ते कृष्णेच्या पुरात गेले होते. तिचे सासरे हंबीरराव फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांनी तिला आधी ट्रॅक्टरमधून, मग बचाव पथकाच्या बोटीतून नेलं. सांगली गाठायला तीन तास लागले.

तिथला दवाखाना पूररेषेच्या बाहेर बांधलेला. पाणी चौकातच थांबलं होतं, पायरीसुद्धा भिजली नव्हती. पण विजेचं उपकेंद्र बुडालं होतं, आणि डिझेलचा टँकर बंद रस्त्यावर अडकल्यामुळे जनरेटरही सकाळीच थांबला होता.

डॉक्टर अपूर्वानं सृष्टीला तपासलं. "काका, आम्ही सगळे डॉक्टर इथं हजर आहोत. पण विजेशिवाय ऑपरेशन कसं करू?"

हंबीरराव म्हणाले, "आवं डॉक्टरबाई, आमच्या तालुक्याला लाइट हाय. आपरेशनची खोली बी हाय. नुसता डॉक्टर न्हाई."

अपूर्वानं हत्यारांचा डबा उचलला, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सोबत घेतलं आणि ती सृष्टीशेजारी बोटीत जाऊन बसली. वाटभर ती बाळाचे ठोके ऐकत होती.

सिझर नीट झालं, सृष्टी वाचली.



बाळाचे ठोके मात्र परतीच्या वाटेवर, दुसऱ्या तासालाच थांबले होते.