नकाशावरची मोकळी जागा

नऊ वर्षं मागच्या खोलीचं दार लावून, जेवणाचं ताटसुद्धा आत मागवून, त्याने अखेर जिना चढणारी हातगाडी तयार केली आणि गड जिंकल्यासारखा बायकोसमोर येऊन उभा राहिला. ती पेटंटच्या ऑफिसात शोधांचे नकाशे काढायची.

"आता बघ, आधी कोणी केलंय का!"

तिने कपाटातून एक नकाशा काढून टेबलावर पसरला. एक ठिपका म्हणजे एक पेटंट. सारखी यंत्रं जवळजवळ. त्याची गाडी जिथे बसायला हवी, नेमका तिथेच एक लाल ठिपका ठाण मांडून बसला होता. त्याने तो नखाने खरवडून पाहिला. मग त्याचं लक्ष कागदाकडे गेलं. घड्यांवर तो पिवळा पडला होता.

"हा कधीचा गं?"

"तुम्ही सुरुवात केलीत ना, त्याच महिन्यातला."

"आणि तू तोंडातून ब्रही काढला नाहीस?"

"अहो, घरात किती शांतता होती!"

तिने पर्समधून दुसरा, कोरा करकरीत नकाशा काढला. त्यातल्या एका मोकळ्या जागेभोवती पेन्सिलीने आधीच गोल केलेला होता.

"हा आजचा. इथे अजून कोणी फिरकलेलं नाही. दहा वर्षं सहज जातील."