लॅबचं नाव

सकाळी सात वाजता आत्याने भाचीच्या जुन्या कॅमेऱ्यातला मोठा रोल घेतला, न्हाणीघराची खिडकी काळ्या चादरीने झाकली आणि आतून कडी लावली. स्पर्धेसाठीचे बाराही फोटो त्यातच होते, मुदत आजच संपत होती आणि चार लॅबचे उंबरठे झिजवूनही असा रोल धुण्याचा दर भाचीला कुठेच परवडला नव्हता. “आत्या, अंधारात जमेल ना?” तिने दाराबाहेरून विचारलं. “गप गं! तीस वर्षं हॉस्पिटलात मोडक्या हाडांचे एक्स-रे अंधारातच धुतलेत. एकाचा पाय कधी दुसऱ्याला गेला नाही!” तासाभराने दोरीवर बारा लख्ख चौकोन वाळत होते. अर्जात लॅबचं नाव विचारलं होतं. भाचीने ठळक अक्षरांत लिहिलं, ‘माझी आत्या, निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ.’ आत्याने चष्मा चढवून वाचलं आणि ‘निवृत्त’ खोडायला लावलं. अर्ज संध्याकाळी पाचला, मुदतीत पोचला. निकाल अजून लागलेला नाही.