गोळीचं नाव

कारखान्यात क्रेन चालवणाऱ्या ताईला बसल्याजागी झोप लागायचा आजार होता. डॉक्टरांनी लिहून दिलेली जागं ठेवणारी गोळी ती रोज सकाळी न चुकता घ्यायची, आणि अकरा वर्षांत तिच्या क्रेनवरून साधा नटसुद्धा खाली पडला नव्हता.

एक दिवस नव्या मॅनेजरनं तिच्या डब्याशेजारी ती गोळ्यांची पट्टी पाहिली आणि त्याचं पित्तच खवळलं.

"नशेच्या गोळ्या खाऊन माणसांच्या डोक्यावरून लोखंड फिरवता?"

"नशा कसली साहेब, औषध आहे. ही बघा डॉक्टरांची चिठ्ठी."

त्यानं चिठ्ठीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच दिवशी तिला कामावरून काढलं आणि तिची पाळीही दुसऱ्या क्रेनवाल्याच्या गळ्यात मारली. तो बिचारा एकटाच सलग दोन पाळ्या ओढू लागला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आठवडाभर ती घरात नुसती धुमसत राहिली. मग मॅनेजरचा फोन आला, तेव्हा तिला वाटलं, स्वारीला उपरती झाली असावी.

 

"ताई, त्या गोळीचं नाव जरा सांगता का? हा गडी दुसऱ्या पाळीत क्रेनवर डुलक्या घेतोय."