एक काटा, दोन रांगा

दोन्ही विमान कंपन्यांचे साहेब एकाच गाडीतून उतरले आणि त्या छोट्याशा विमानतळावर चहाच्या मशीनपाशी एकच विषय निघाला. विलीनीकरण. कोण कोणाला गिळणार, यावर सामान वाहणाऱ्यांच्या पैजा लागल्या.

"बड्या घरांची सोयरीक असती तर गोष्ट वेगळी," बसचा ड्रायव्हर म्हणाला. "इथे दोन्हीकडचे उपाशी. वऱ्हाडाला जेवायला कोण घालणार?"

स्वस्त तिकिटांच्या या दोन कंपन्यांचे काउंटर शेजारीशेजारी. काउंटरवर बसणाऱ्या एकीच्या अंगात निळं जाकीट, दुसरीच्या पिवळं, म्हणून दोघींची नावंच निळी आणि पिवळी पडलेली. कंपन्या एक झाल्या तर काउंटर एक, खुर्चीही एकच. निळीच्या घरात तेवढा एकच पगार यायचा.

त्यात तिचा वजनकाटा कधीचा बंद. कंपनी नुसतं 'बघू' म्हणते, बघत कोणीच नाही. तिच्या प्रवाशांच्या बॅगा पिवळीच्या काट्यावर चढायच्या. पिवळीनं कधी कपाळाला आठी घातली नाही. उलट निळीला आकडा दिसावा म्हणून काट्याचं तोंड तिच्याकडे वळवून द्यायची. सख्खी बहीण तरी एवढं करते का, असं निळीला रोज वाटायचं आणि रोज सांगायचं राहून जायचं.

आज साहेब समोर उभे. एक काटा दोघींना पुरतो हे त्यांना दिसू नये म्हणून निळी बॅगा हातानं उचलून अंदाजानंच वजन लिहायला लागली.

"ताई, असं काय करताय?" पिवळी हळूच म्हणाली. "ठेवा इकडे."

निळीनं बॅग काट्यावर ठेवली. नजर साहेबांकडे होती. काट्याजवळ पिवळ्या टॅगांचा गठ्ठा टांगलेला. त्यातलाच एक तिनं बॅगेला बांधला आणि बॅग सरकत्या पट्ट्यावर सोडली. ती रबरी पडद्याआड गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं. प्रवासी आपला, बॅग मात्र निघाली शेजारच्यांच्या विमानात. तिनं नुसतं पट्ट्याकडे बोट दाखवलं.

पिवळीला तेवढं पुरलं. "माझी रांग बघा," म्हणत ती वाकली आणि बॅगेच्या मागोमाग पडद्याखालून आत शिरली.

निळी दोन्ही खुर्च्यांच्या मधे उभी राहिली. एक आपला प्रवासी, एक पिवळीचा, पुन्हा एक आपला. शेजारणीचं काम तिला पाठ होतं. पिवळी जेवायला गेली की तीच बघायची. दोन्ही रांगा सरकत राहिल्या.

पिवळी परतली ती जाकिटावर काळे डाग घेऊनच. "टॅग बदलला. तुमच्याच विमानात गेली, ताई."

पिवळीच्या साहेबांनी सगळं पाहिलं होतं. ते निळीच्या साहेबांकडे वळले. "बघितलंत? दोन रांगांना एकीनं भागतं."

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. पिवळीचाही चेहरा उतरला.

साहेबांपुढे निळीनं आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"भागतं, साहेब," ती म्हणाली. "दुसरी शेजारी असली की."

रांगेतल्या माणसानं बॅग पुढे केली. ती उचलता उचलता निळी पुटपुटली, "तुझे फार उपकार आहेत गं माझ्यावर."

पिवळीनं काट्याचं तोंड तिच्याकडे वळवलं.

"आकडा बघा, ताई."