पदराखालची बांगडी

शर्वरीताईंच्या भाचीच्या मंगळागौरीला कासारीणबाईंनी ओसरीवरच बैठक मांडली होती. त्यांची बांगडी मनगटात चढली की आतल्या हाडाचा कस ओळखून रंग घ्यायची. ठिसूळ हाडाला पिवळा, भक्कम हाडाला हिरवा. पिवळी बांगडी असली तर फुगडी नाही, असा आता घरोघरी नियमच होता.

छप्पन्न वर्षांच्या शर्वरीताईंचे उजवे मनगट दोन वर्षांपूर्वी अंगणात घसरून मोडले होते. फुगडीसाठी जीव तुटायचा, म्हणून तेव्हापासून त्या रोज टेकडी चढत आणि घरची मिरची मुसळाने कांडत.

कासारीणबाईंनी हात दाबून बांगडी चढवली. ती क्षणभर पिवळी राहिली, मग हिरवीगार झाली.

शर्वरीताईंनी झटकन हात पदराखाली घेतला. यजमान गेल्यापासून अकरा वर्षे त्यांनी हिरवी बांगडी घातली नव्हती.

"दुसरा रंग नाही का हो?"

"माझ्या बांगडीला नवरा दिसत नाही ताई, हाड तेवढं दिसतं."

भाचीने तो हात ओढून बाहेर काढला. "चल मावशी. फक्त जपून फिरव हं, माझी पिवळीची कालच हिरवी झालीय."

शर्वरीताईंनी पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात पुढे केले.