झाकलेली तसबीर

मतदान केंद्र यंदा प्रार्थनागृहातच आलं. केंद्रप्रमुख असलेल्या मास्तरांनी नियमावर बोट ठेवलं: मतदान संपेपर्यंत भिंतीवरची देवाची तसबीर झाकायची. मत द्यायचा आडोसा बरोबर तिच्याखालीच होता.

प्रार्थनागृहाचे महाराज आता थयथयाट करणार, असं सगळ्यांना वाटलं. मत कुणाला द्यायचं हे त्यांनी आठवडाभर प्रवचनात सांगितलं होतं, न ऐकणाऱ्याला वाळीत टाकू अशी तंबीही दिली होती. पण ते गोड हसले. "नियम म्हणजे नियम," म्हणाले आणि आदल्या संध्याकाळी स्वतः शिडीवर चढून त्यांनी तसबिरीवर जाड कापड लावलं. आपण महाराजांना नमवलं, म्हणून मास्तरांची मान दिवसभर ताठ होती.

दुपारी एक आजी मतपत्रिका हातात घेऊन अडून राहिल्या. "नातीचं कॉलेज बंद करायला निघालेल्या माणसाला मत द्यायला मन होत नाही हो. पण देवासमोर महाराजांचा शब्द कसा मोडू?"

मास्तर म्हणाले, "आजी, वर बघा. झाकलंय ना? आज तुम्हाला कुण्णी बघत नाहीये. मनाला येईल तिथे शिक्का मारा."

आजी आडोशातून बाहेर आल्या त्या हसतच. रांगेतल्या बायकांच्याही कानात काहीतरी सांगून गेल्या.

संध्याकाळी पेट्या सील झाल्यावर मास्तर शिडी लावून कापड उतरवायला चढले.



कापडाला बटणाएवढं भोक होतं आणि त्यामागे, तसबिरीच्या जागी, चार्जरला लावलेला मोबाइल खालच्या आडोशाचं रेकॉर्डिंग अजून करतच होता.